मोत्याची बाराखडी

मराठी मुलखातल्या कुत्र्याच्या कानावर आपल्या भाषेतला जो पहिला शब्द पडतो, तो बहुधा 'हाड' हा असतो. दुसरा 'यू यू' आणि तिसरा 'छू'. जवळ बोलवायचे झाले तर 'यू यू', कोणाच्या अंगावर सोडायचे झाले तर 'छू', आणि बाकी सर्व प्रसंगी 'हाड'! एवढ्या तीन शब्दांच्या भांडवलावर आपण या प्राण्याशी पिढ्यान् पिढ्या संसार करीत आलो आहोत. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणारे नामदेव आपलेच. चार कुत्र्यांच्या मेळ्यात उभे असलेले दत्तगुरूही आपलेच. आणि सोबतच्या कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात पाऊल टाकायला नकार देणारा धर्मराज तर आपण कीर्तनांतून कितीदा तरी ऐकला आहे. असे असूनही कोणाला अपमानाने वागवले हे सांगायचे झाले, की आपल्या तोंडी 'हाडतुड केली' हेच शब्द येतात.

वीस वर्षे मराठी शिकवीत असूनही या शब्दसंपत्तीचे दारिद्र्य माझ्या कधी लक्षात आले नव्हते. ते लक्षात आणून दिले एका पिल्लाने. यंदाच्या आषाढात, साताऱ्याचा पाऊस ऐन भरात असताना, माझ्या मुलीने ते फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी आणले. आमच्या गल्लीच्या टोकाला एका बंद दुकानाच्या पायरीखाली एका गावठी कुत्रीला पाच पिल्ले झाली होती. त्यांतले हे एक. बदामी रंगाचे, कपाळावर पांढरा ठिपका असलेले. मुलीच्या मनात त्याचे नाव 'ब्रूनो' ठेवायचे होते. परंतु आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, खाटेवरूनच निकाल दिला, "कुत्र्याचं नाव मोत्या असतं." तो निकाल कायम झाला.

सुदैवाने पिल्लू तोपर्यंत आठ आठवड्यांचे झालेले होते. सुदैवाने म्हणायचे ते अशासाठी, की त्याआधी पिल्लू आईपासून तोडणे बरे नव्हे, असे आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले. पहिले दोन महिने पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून पुष्कळ शिकते. किती जोराने चावले म्हणजे भावंड ओरडते, हा पहिला धडा तेथेच होतो. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला, आणि 1965 साली त्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील सार असे, की तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या मनाचा सर्वांत मऊ काळ. या दिवसांत ज्या माणसांचा, आवाजांचा आणि वस्तूंचा परिचय गोडीने होतो, त्यांची भीती पुढे वाटत नाही; आणि जे या दिवसांत भिववते, ते पुष्कळदा जन्मभर भिववते. हे सर्व मी डॉक्टरांसमोर मान हलवून ऐकले, आणि घरी येऊन त्याच्या बरोबर उलट वागलो!

त्याचे असे झाले. पहिल्या आठवड्यात आमच्या तीन खोल्यांच्या घरात एकही कोपरा कोरडा राहिला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी थारोळे, पुस्तकांच्या कपाटाखाली थारोळे, एकदा तर तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावरच अभिषेक! पत्नी म्हणाली, "तुमच्या विद्यार्थ्यांच्या मराठीवर कोणीतरी स्पष्ट अभिप्राय दिला म्हणायचा." विनोद चांगला होता, पण मला हसू आले नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात कुत्र्याला शिस्त लावायची एकच रीत होती: जेथे घाण केली तेथे त्याचे नाक घासायचे, आणि पाठीत दोन रट्टे द्यायचे. मी सुधारलेला माणूस. म्हणून रट्ट्याऐवजी वर्तमानपत्राची सुरळी वापरू लागलो.

परिणाम लगेच दिसला. मोत्या आमच्यादेखत शू करीनासा झाला. मला वाटले, शिकला! दोन दिवसांनी पुस्तकांच्या कपाटामागून दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा कळले की तो शिकला होता खरा. परंतु आम्ही शिकवले ते नव्हे. 'घरात करू नये' असे त्याला मुळीच समजले नव्हते. 'या माणसाच्या समोर करू नये' एवढेच समजले होते. आणि मग पंचाईत अशी, की मी त्याला मागच्या अंगणात नेऊन पेरूच्या झाडाखाली पाऊण तास छत्री धरून उभा राही, तेव्हाही तो माझ्यासमोर कळ काढून बसे. आत आला की धूम कपाटामागे!

त्यानंतरचा प्रसंग मात्र सांगताना आजही जड जाते.

अण्णांच्या खोलीपासून मोरीपर्यंत एक अरुंद बोळ आहे. एके सकाळी त्या बोळात मोठे थारोळे दिसले. मोत्या अण्णांच्या दाराशी बसला होता. मी त्याच्याकडे पाहिले मात्र, त्याने कान मागे पाडले, मान खाली घातली आणि डोळे चुकवले. मी म्हणालो, "पाहा, चोराच्या मनात चांदणे!" सुरळीचे दोन तडाखे बसले. तो केकाटत खाटेखाली शिरला. अण्णा दाराची चौकट धरून उभे होते. ते एवढेच म्हणाले, "राहू दे रे. लहान आहे ते." चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार, तेच पाडलेले कान, आणि तेच तडाखे. अण्णा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत.

तिसऱ्या वेळी मात्र वेगळे घडले. आदल्या रात्री पिल्लू फार कुंईकुंई करीत होते, म्हणून मुलीने त्याची आंब्याची पेटी आपल्या खोलीत नेली होती. सकाळी बोळात थारोळे पाहून मी सुरळी घेऊन निघालो, तो मुलगी आडवी आली. "बाबा, तो रात्रभर माझ्या खोलीत होता. कडी आतून होती. मी आत्ता उघडली." मी जागच्या जागी उभा राहिलो. तिच्या पायांमागे मोत्या होता. कान पाडलेले, मान खाली, डोळे चुकवलेले. अगदी कबुलीजबाब दिल्यासारखा!

आतून अण्णांचा आवाज आला. "त्याला मारू नकोस. ते माझं आहे. तिन्ही वेळा माझंच होतं. रात्री मोरीपर्यंत पोचवत नाही रे आता."

अण्णांचे वय एकोणऐंशी. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून काढलेला माणूस. मी सुरळी खाली ठेवली, फडके आणले आणि बोळ पुसला. बापलेक दोघेही काही बोललो नाही. पुष्कळ वेळाने तेच म्हणाले, "पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. मार मात्र त्या मुक्या जनावराने खाल्ला."

त्याच संध्याकाळी मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, त्यामुळे रात्री वारंवार उठावे लागते आणि कधी कधी आवरत नाही. यावर औषधे आहेत, यात लाजण्यासारखे काही नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. औषध सुरू झाले. बोळात रात्री मंद दिवा लागू लागला. रात्रीचा चहा संध्याकाळी सहावर आला. इतके सोपे उपाय! आणि अण्णा कित्येक महिने ते दुःख गिळून बसले होते. कारण थारोळे म्हणजे अपराध, आणि अपराधाला शिक्षा, हेच आमच्या घराचे व्याकरण होते.

पण माझ्या डोक्यातून दुसरा एक प्रश्न जाईना. पिल्लाने काही केलेच नव्हते, तर ते अपराध्यासारखे का दिसत होते? जनावरांच्या डॉक्टरांना विचारले तेव्हा ते हसले. म्हणाले, "सर, ते तोंड अपराधाचं नाही, भीतीचं आहे. तुमच्या हातातली सुरळी बघून झालेलं."

न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीने 2009 साली याच गोष्टीवरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला आहे. प्रयोग मोठा गमतीचा आहे. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, 'खायचा नाही' असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. मागे कधी कुत्र्याला तो खाऊ दिला जाई, तर कधी उचलून घेतला जाई. आणि मालकाला मात्र कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. निष्कर्ष असा निघाला, की ते 'अपराधी तोंड' खाऊ खाण्या-न खाण्यावर अवलंबून नव्हतेच. मालक रागावतो की नाही, यावर होते. त्यातही ज्यांनी खाऊला तोंड लावले नव्हते आणि तरीही बोलणी खाल्ली, त्या कुत्र्यांची तोंडे सर्वांत अधिक अपराधी दिसली! चोराच्या मनातले चांदणे आपण बाहेरून पाहतो, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा तो आपल्याच हातातील कंदिलाचा उजेड असतो.

त्या दिवसापासून आमच्या घरात मोत्याच्या शिक्षणाचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे मुख्याध्यापक अर्थात अण्णा. ते म्हणाले, "मारलं की मुलं गप्प बसतात, शिकत नाहीत. मला हे कळेपर्यंत निवृत्त व्हायची वेळ आली होती." त्यांनी एक जुनी वही काढली, उभ्या रेघा मारल्या, आणि मोत्या केव्हा जेवला, केव्हा झोपला, केव्हा शू-शी केली हे घड्याळ पाहून लिहू लागले. चारच दिवसांत त्या वहीतून एक वेळापत्रक आपोआप उमटले. झोपेतून उठल्या उठल्या, जेवणानंतर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत, खेळून दमल्यावर, आणि रात्री निजण्यापूर्वी. या चार वेळा ज्याने सांभाळल्या, त्याने नव्वद हिस्से लढाई जिंकली असे समजावे. पोटात अन्न पडले की आतड्यांना चालना मिळते, हा शरीराचाच धर्म आहे. आणि दोन महिन्यांचे पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांपलीकडे कळ काढूच शकत नाही. ते हट्टी नसते. त्याची पिशवीच लहान असते.

दुसरा धडा जागेचा. पिल्लू तीन आठवड्यांचे झाले, की झोपायच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकू लागते. आपले अंथरूण घाण न करण्याची बुद्धी त्याला उपजतच असते. या बुद्धीचा उपयोग करून घ्यावा. ज्या वेळी कोणाचेही लक्ष नसेल, त्या वेळी पिल्लाला सबंध घर मोकळे सोडू नये; लहानशी जागा द्यावी. आमच्याकडे आंब्याच्या पेटीत जुन्या लुगड्याची घडी घालून ती भिंतीशी ठेवली, आणि पुढे दोन पाट आडवे लावले. पेटी रात्री माणसाजवळ असावी. कारण आईपासून तुटलेले पोर एकटे ठेवले तर रडणारच. शिवाय जवळ असले, की त्याची चुळबूळ ऐकू येते आणि वेळेवर बाहेर नेता येते. जमीन हुंगत गोल गोल फिरू लागले, की उचलावे आणि निघावे. त्या क्षणी हातातला चहाचा कप महत्त्वाचा मानू नये.

बाहेरची जागा मात्र रोज एकच हवी. कुत्र्याचे नाक म्हणजे त्याची स्मरणवही. कालचा वास आज त्याला 'येथेच' असे सांगतो. पेरूच्या झाडाखाली अण्णांनी एक जुना पत्रा तिरपा बांधून घेतला. नाहीतर साताऱ्याच्या पावसात पिल्लू उंबरठा ओलांडायलाच तयार नव्हते. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर नेण्याची मनाई होतीच. 1978 च्या सुमारास जगाला ओळख झालेला पार्व्हो नावाचा रोग आणि त्याहून जुना डिस्टेंपर, हे दोन्ही लहान पिल्लांचे काळ आहेत. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत त्या पुऱ्या कराव्या लागतात; तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, आणि मधूनमधून जंतांचे औषध. पण बाहेर न्यायचे नाही म्हणजे जग दाखवायचे नाही, असे नव्हे. मुलगी त्याला कडेवर घेऊन फाटकाशी उभी राही, आणि एस.टी.चा भोंगा, भंगारवाल्याची आरोळी, वाजंत्री, सारे काही त्याला तेथूनच ऐकवी.

तिसरा धडा शाबासकीचा. काम बाहेर झाले, की त्याच क्षणी उकडलेल्या रताळ्याचा किंवा अंड्याचा नखाएवढा तुकडा द्यायचा, आणि तोंडभर कौतुक करायचे. 'त्याच क्षणी' हे शब्द महत्त्वाचे. घरात येऊन डबा उघडून दिलेला तुकडा हा घरात आल्याबद्दलचा होतो! कुत्र्याच्या मनात कृती आणि फळ यांची गाठ एक-दोन सेकंदांतच पडते. याच कारणाने तासाभरापूर्वीच्या थारोळ्याबद्दल आत्ता दिलेला मार सर्वस्वी व्यर्थ. नेमके करताना सापडलेच तर टाळी वाजवून लक्ष वेधावे, उचलून बाहेर न्यावे, आणि उरलेले बाहेर झाले की शाबासकी द्यावी. सापडले नाही तर गुपचूप पुसावे. काम करीत असताना अण्णा हळूच 'शू कर, शू कर' असे म्हणत. पंधरा दिवसांत असे झाले, की शब्द उच्चारला की मोत्या बसे. रशियात पावलोव्हने घंटानादाशी लाळेचा जो संबंध जोडून दाखवला, त्याचाच हा आमच्या परसातला प्रयोग!

पुसण्याविषयी दोन शब्द. आमच्याकडे अशा प्रसंगी फिनेलची बाटली हात जोडून उभी असते. पण फिनेलचा उग्र दर्प आपल्या नाकाला फसवतो, कुत्र्याच्या नव्हे; शिवाय पंजे चाटणाऱ्या पिल्लाच्या पोटात ते जाणे घातक. अमोनिया असलेली द्रावणेही टाळावीत, कारण त्यांचा वास मूत्रासारखाच. साबणाच्या पाण्याने धुऊन, वास मुळातून विघटित करणारे विकरयुक्त द्रावण दुकानात मिळते ते वापरावे.

आणि शेवटचा धडा माझ्या प्रांतातला, म्हणजे भाषेचा. आमच्याकडे मी 'बस' म्हणे, मुलगी 'सिट' म्हणे, पत्नी 'खाली बैस बघू' म्हणे, आणि अण्णा 'बस बाळा'. मोत्या प्रत्येकाकडे आळीपाळीने पाही. शेवटी घरातल्या सर्वांनी सभा भरवून शब्दकोश ठरवला: 'बस', 'ये', 'थांब', 'सोड'. एका अर्थाला एकच शब्द, आणि 'ये' या शब्दाने बोलावून कधीही रागवायचे नाही. चावण्याच्या खोडीवर उपाय म्हणून हात काढून घ्यायचा, खेळ थांबवायचा आणि चघळायला दोरीची गाठ द्यायची. 'हाड' हा शब्द कोशातून एकमताने गाळण्यात आला.

अर्थात सर्व काही सरळ झाले नाही. तिसऱ्या महिन्यात गौरी-गणपतीच्या गर्दीत वेळापत्रक कोलमडले, आणि आरतीच्या ऐन वेळी पाटाशेजारी थारोळे झाले. पण त्या वेळी कोणी ओरडले नाही; पत्नीने फडके आणले, आणि आरती पुढे चालू राहिली. बहुतेक पिल्ले चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत तयार होतात. काहींना वर्षही लागते. चांगले शिकलेले कुत्रे अचानक घरात करू लागले, तर मात्र छडी न शोधता डॉक्टर शोधावा. पुष्कळदा मूत्रमार्गाचा विकार असतो. हे मी कुत्र्याबद्दल लिहितो आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर आमचा बोळ येतो.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे भरलेले असतील. म्हणून जाता जाता एक विनंती. घरात पिल्लू असेल तर चॉकलेट, मनुका-बेदाणे आणि कांदा-लसूण त्याच्यापासून दूर ठेवा. चिवड्यातल्या मनुका दिसायला निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. फटाक्यांचे तर काय सांगावे! आपल्याला वीस हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. अंधार पडण्यापूर्वीच त्याला फिरवून आणावे, आतल्या खोलीत पडदे ओढून, रेडिओ लावून त्याची पेटी ठेवावी, आणि कोणीतरी जवळ बसावे. भीतीने त्या रात्री घरात शू झाली, तर ती त्याची चूक नव्हे.

आमच्याकडे जवळ कोणी बसायचे हे ठरले आहे. अण्णा पहाटे पाचला उठतात, काठी घेतात, 'चल रे' म्हणतात, आणि मोत्या पुढे व ते मागे असे दोघे परसात जातात. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. मोत्याचेही शेपूट गावठी कुत्र्यांच्या रीतीप्रमाणे वर वळलेले, वाकडेच आहे. परवा मी ते अण्णांना दाखवून ही म्हण म्हटली. ते म्हणाले, "शेपटाला कशाला नळीत घालायचं? ते हलतंय ना, तेवढं पाहावं."

वर्तमानपत्र आमच्याकडे अजून येते. हल्ली ते फक्त वाचले जाते.